महासंकटाच्या आधी की नंतर

४ जानेवारी

ति. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शस्त्रक्रिया विभागात बदली झाल्याचं वाचून आबांनी ते शेजारच्या तीन घरांत वाचून दाखवलं. तिसऱ्या घरापर्यंत तू जवळजवळ सर्जन झाली होतीस.

इथे आपल्या चर्चच्या मंडळीत आग लागली आहे. अजून तोंडानेच, पण लागली आहे. नवे सुवार्तिक, म्हणजे उपदेशक आलेत, एकटेच, सोबत फक्त बायको. भिंतभर लांबीचा कापडी तक्ता घेऊन फिरतात म्हणून नाव पडलं तक्तेवाले. आरंभापासून अंतापर्यंतचा सगळा काळ त्यावर रंगवलाय, आगगाडीच्या स्टेशनांसारखा. त्यांचं म्हणणं असं की प्रभू आधी ढगांत येणार, विश्वासणाऱ्यांना जिवंतपणीच वर उचलून घेणार आणि मग मागे उरलेल्यांवर सात वर्षांचं महासंकट कोसळणार. आपल्याला ओरखडाही उठायचा नाही. अर्धी मंडळी त्यांच्यामागे गेली.

आबांचं तुला ठाऊकच आहे. बुधवारच्या शास्त्रवर्गात तेच सांगतात की जन्मभर गणित शिकवलंय म्हणून कळतं, बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले आकडे हे आकडे नव्हेतच. प्रभूच्या राज्याची हजार वर्षं लिहिलीत ती मोजून हजार नव्हेत. प्रभूचं राज्य चालूच आहे, तो एकदाच येईल आणि दिवस कुणाला ठाऊक नाही. लोक जांभया देतात. त्यांना तारीख हवी.

आणि मी कप्तानाकडे गेलोय. रागावू नकोस. गेटं-जाळ्या जोडणारा तो वेल्डर, पूर्वी सैन्यात होता तो. तो म्हणतो, मंडळीला महासंकटातून जावंच लागणार, सुटका अगदी शेवटी. मला पटतं. आईला आपण दोघांनी पाहिलंय. अकरा महिने त्या गाठीने तिला आतून कुरतडलं. तिच्याहून विश्वासू कोण होतं? तिला कुणी उचललं? विश्वासणाऱ्याला सोसावं लागत नाही म्हणतो त्याला ती खाट दाखवावीशी वाटते.

मागच्या रविवारी उपासनेनंतर कुणीतरी पटाशीने तक्ता उभा फाडला. पटाशी माझी नव्हती. लोक मात्र माझ्याकडेच बघत होते.

माया आहे तशी राहू दे.
तुझा धाकटा,
रंध्या

१३ जानेवारी

चि. रंध्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

पटाशी तुझी नव्हती हे मी मानते. पण गावात सुतार एकच असला की असं होणारच, म्हणून अशा जागी उभंच राहू नये.

काल आमच्याकडे दोन सख्खे भाऊ आणले. कुंपणावरून भांडण, एकाच कुऱ्हाडीने दोघे फुटलेले. थोरल्याची कवटी मी दोन्ही हातांनी मिटवून धरली होती. धाकटा शेजारच्या टेबलावर शुद्धीत आला आणि विचारू लागला की दादा कसा आहे. दादा तेव्हा गेला होता. मी सांगितलं, बरा आहे. असली खोटी वाक्यं आता मला पाठ झालीत.

आईचं लिहिलंस ते खरं आहे. पण तिने सोसलं ते कुणावर हात न उगारता. तुझ्या कप्तानाला सोसायचंय की ठोकायचंय, एकदा नीट विचार. प्रभू आधी आला काय नि नंतर आला काय, सुईत दोरा मलाच ओवायचाय.

आबांना उन्हात बसव. तुझ्या हातून वरचेवर पत्र येत जावं.
ताई

९ फेब्रुवारी

ति. ताईस,
सलाम वि. वि.

धपाटा पोचला. अजून झोंबतोय.

तक्तेवाल्यांनी तक्ता शिवून घेतला, आणि आता तर महिनाही सांगतात: एप्रिल. लोक कामावर जाईनासे झालेत. बेकरीवाल्याने शनिवारी भर दुपारी आपलं कुत्रं मारलं, नऊ वर्षांचं. भट्टीचा लोखंडी दांडा डोक्यात घातला. पहिल्या घावात मेलं नाही, त्याच्याच पायांशी सरपटत आलं. आपण वर गेल्यावर ते उपाशी मरेल म्हणून मारलं, असं सांगत तो रस्त्यावर बसून ढसाढसा रडत होता. हात रक्ताने भरलेले, आणि जो येईल त्याला त्या हातांनी कवटाळत होता.

त्या दिवसापासून कप्तान पेटलाय. म्हणतो, हे लोक संकट आलं की पळणार आणि आपल्याला तोंडघशी पाडणार. आम्ही सोळा जण रोज सकाळी माझ्या कारखान्यामागे काठी फिरवायला शिकतो. दांडे मीच कातले, हातभर लांब, मुठीशी खाचा पाडलेले. लाकूड चांगलं लागलंय.

आबांनी काल एक दांडा उचलून पाहिला. तोलून म्हणाले, काम सफाईदार आहे, पण हा कशाचा पाय? मी म्हटलं, कशाचाच नाही. त्यांनी दांडा जागेवर ठेवला. मला वाटतं, बोलायला हवं होतं.

तुझ्या मायेतला,
रंध्या

१८ फेब्रुवारी

चि. मोठीस,
अनेक शुभाशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हाताने लिहितोय. रविवारी प्रार्थनामंदिराच्या पायऱ्यांवरून पडलो आणि उजवा हात मोडला. एकच हाड मोडलंय, प्लास्टर घातलंय. डोक्यालाही थोडं लागलं, सात टाके. तक्तेवाल्यांनी मला पाठुंगळीला घेऊन दवाखान्यात नेलं. माझा एकही मुद्दा त्यांना मान्य नाही, तरी वाटभर धापा टाकत मला वाद घालायला लावत होते. झोप लागू नये म्हणून असावं. माणूस वाईट नाही.

धाकटा कामात असतो. त्याच्याशी कडक बोलू नकोस.

तुझी आठवण काढणारा,
आबा

२३ फेब्रुवारी

रंध्या,

मायना लिहायला वेळ नाही.

आबांच्या दवाखान्यात मी फोन केला. कोपर आणि मनगटामध्ये, करंगळीच्या बाजूचं हाड. रंध्या, पायऱ्यांवरून पडणारा माणूस तळहात टेकतो, त्याचं मनगट जातं. हे एकटं हाड मोडतं ते डोक्यावर येणारा दांडा हाताने अडवणाऱ्याचं. अशी मी चाळीस तरी पाहिलीत. पहिला घाव हातावर बसला, दुसरा डोक्यावर.

आबा खोटं लिहितात. आबांनी आयुष्यात कुणासाठी खोटं लिहिलं असेल तर ते तुझ्यासाठी. मी विचारत नाही की कुणी मारलं. विचारते, तू अजून गप्प का आहेस? लगेच लिही.

ताई

१ मार्च, पोलीस ठाणे

ति. ताईस,

तुझं पत्र बुधवारी हातात पडलं. एक दिवस उशीर झाला होता. दोष तुझा नाही, नऊ दिवस माझ्या तोंडात जीभ होती.

मीच मारलं. दोन्ही घाव माझे.

त्या रविवारी उपासना संपायच्या आत बाचाबाची झाली. बेकरीवाला कप्तानाच्या तोंडावर थुंकला आणि बाकं उलटली. कुणाचा दात माझ्या बुटाखाली चुरडला तो आवाज अजून कानात आहे. कप्तानाने बेकरीवाल्याचा कान धरून तोंड भिंतीवर आपटलं, दोनदा, तीनदा. आणि सांगायला लाज वाटते ताई, मला हलकं वाटत होतं. आई गेल्यापासून इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. तक्तेवाले तक्ता गुंडाळून छातीशी धरून, डोळे मिटून प्रार्थना करत उभे होते. मी दांडा उगारून त्यांच्यावर धावलो. मध्ये कुणीतरी हात वर करून आलं. हात कुणाचा हे मला कळलं होतं. पहिल्या घावाला कळलं नव्हतं असं म्हणता येईल, दुसऱ्याला नाही.

आबा खाली बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, जा. मी गेलो. त्यांना उचललं तक्तेवाल्यांनी.

झटापटीत कुणाला नीट दिसलं नाही, कप्तान तर मागच्या दारात होता. त्याने ठरवून टाकलं की तक्तेवाल्यांच्या माणसांनी म्हाताऱ्याला फोडलं. मला विचारलं. मी मान खाली घातली. त्याने त्याचा हवा तो अर्थ घेतला. आबा लोकांना पायऱ्यांचं सांगत राहिले. त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही, आणि प्रत्येकाने आपापल्या वैऱ्याचं नाव त्या जागी घातलं.

मंगळवारी सकाळी अकराला मी दरवाजाची चौकट रंधत होतो. कप्तान दोघांना घेऊन आला, सरळ नळाशी गेला. पहार धुतली. पाणी लाल झालं, मग गुलाबी, मग स्वच्छ. हात पुसून म्हणाला, आबांचं उट्टं काढलं. बस थांब्याजवळ, भर रस्त्यात, तिघांनी मिळून. आधी गुडघे फोडले. तक्तेवाले ओरडत होते की म्हाताऱ्याला विचारा, मी त्यांना पाठीवर नेलं. मग तेही ओरडेनासे झाले.

बुधवारी तक्तेवाल्यांची बायको कारखान्यात आली. शवागारातून सुतळीने माप घेऊन आली होती, एक गाठ उंचीची, एक खांद्यांची. म्हणाली, पेटी करून हवी. आमच्याकडे कशाचीच तयारी नाही, जागा घेतलेली नाही, कपडा नाही, कारण आम्ही मरणारच नव्हतो. वीस वर्षं त्यांनी मला सांगितलं की आपण मरणार नाही. एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली, जसं काही चूक माझ्या लक्षात आणून देत होती.

मी फळीवर सुतळी ठेवली आणि सगळं सांगितलं. आबांचं, मानेचं, नळाचं. तिने बाकावरची लाकडी हातोडी उचलली आणि माझ्या गळपट्टीच्या हाडावर घातली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मी हललो नाही. दुसऱ्यांदा उगारली, आणि तशीच खाली ठेवली. म्हणाली, आधी पेटी पुरी कर, गावात दुसरा सुतार नाही. मग जा पोलिसांत.

एका हाताने काम संपवायला गुरुवार दुपार झाली. दोन्ही दिवस ती भुशावर बसून होती. फळ्या धरायला लागल्या तेव्हा तिने धरल्या. झाकण बसवताना फक्त एकदा विचारलं की इतके खिळे कशाला. चारच ठोकले.

तिथून इथे आलो. जबाब दिला. दांडे कातले तेही सांगितलं.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.
रंध्या

१२ मार्च, घरून

चि. रंध्यास,
आशीर्वाद.

मी रजा घेऊन आले आहे. कप्तान आणि ते दोघे सापडले. कप्तानाच्या बायकोने पहार स्वतः नेऊन दिली. तुझं हाड ठाण्यातल्या डॉक्टरने नीट बांधलंय की नाही ते मला येऊन बघायचंय. खांदा पुढे पडू देऊ नकोस.

काल बुधवार. आबांनी वर्ग घ्यायचाच हट्ट धरला. अकरा माणसं आली. आबा उभे राहिले आणि म्हणाले, मी पडलो नव्हतो, माझ्या मुलाने मला मारलं, आणि त्याला वाचवायला मी जे खोटं बोललो त्याने एक माणूस मेला. कप्तानाचा मेहुणा उठला, त्यांच्या प्लास्टरच्या हातावर लाथ घालून निघून गेला. प्लास्टरला तडा गेला. आबांच्या तोंडातून आवाज निघाला नाही, ओठ मात्र फाटला, इतका चावला होता. मी पुढे झाले तर डोळ्यांनीच बस म्हणाले.

मग तक्तेवाल्यांची बायको बोलली. ती शेवटच्या बाकावर आहे हे मी तोवर पाहिलं नव्हतं. तिने विचारलं की माझ्या माणसाच्या हिशेबात मेलेले आधी उठतात, मग जिवंत वर जातात, तुमच्या हिशेबात काय? आबा म्हणाले, तेवढं त्यांचं आणि माझं एकच होतं बाई, मेलेले उठतात. त्या दिवशी त्यांच्या पाठीवर असताना आम्ही तिथवर पोचलोच नाही, दवाखाना आला. ती म्हणाली, मग तिथून पुढे सांगा. आबांनी सांगायला घेतलं. तिला पटलेलं दिसलं नाही. चारदा अडवलं, दोनदा आबा अडकले. नऊ जण बसून ऐकत होते.

घरी आल्यावर मी आबांना विचारलं, धाकट्याला माफ केलंत का? म्हणाले, हाताचं नि डोक्याचं तेव्हाच केलं, तिथेच जमिनीवर बसल्या बसल्या. त्या माणसाच्या जिवाचं माफ करायचा अधिकार माझ्याकडे नाही, आणि ज्या बाईकडे आहे तिला मी विचारणार नाही. त्याने विचारावं, वर्षं लागली तरी.

मला अजून तुला माफ करता आलेलं नाही. तरी तुझ्यासाठी दोन जाड बनियन आणि मलम बांधून ठेवलंय. दोन्ही खरं आहे.

शनिवारी भेटीची वेळ मिळाली आहे, सकाळी दहाला. मी आबांना घेऊन येतेय. काय बोलायचं हे त्यांनी ठरवलेलं नाही, दोनदा कागद घेतला आणि ठेवून दिला. त्यांच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. आधी तू बोल.

तुझी,
ताई