अव्वाच्या पुदिन्याची काडी

अव्वा,

तुला जाऊन बारा वर्षं झाली. तू होतीस तेव्हाही मी, तुझी लेक असून, तुला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुला वाचता येत नव्हतं आणि अप्पांनी वाचून दाखवलेलं तुला पटायचं नाही. ते मधलं मधलं गाळतात, असा तुझा पक्का संशय होता. आता गाळायला कुणी नाही, म्हणून सगळं लिहिते. विषय तुझ्या पुदिन्याचा आहे. हसू नकोस. यंदाच माझ्या लक्षात आलं की तो आता आपल्या कुणाकडेच उरलेला नाही, आणि तेव्हापासून मी, पुढच्या वर्षी निवृत्त होणारी बाई, वेड्यासारखी त्याच्या मागं लागले.

उदगीरच्या घरामागं, धुण्याच्या दगडाचं पाणी जिथून वाहत जायचं, तिथं तो होता. बारीक पानांचा, काळपट देठांचा, जमीन धरून पसरलेला. तुझ्या आईनं निलंग्याहून ओल्या फडक्यात काडी आणली होती, तिचाच. दुपार कलली की तू पातेल्यात पाणी ठेवायचीस. उकळी आली की पातेलं खाली, मग पानं. पानं दोन तुकड्यांत फाडायची, चुरायची नाहीत, वर ताट झाकायचं आणि तिथून निघून जायचं. तू पुढच्या दारी जाऊन उंबरठा पुसायचीस, रांगोळीच्या दोन रेघा ओढायचीस आणि परत यायचीस. तेवढ्यात पुदिना मुरलेला असायचा. गूळ चहात घालायचा नाही, खडा तोंडात धरायचा. आणि पानं खुडून उरलेल्या उघड्या काड्या तू कधी फेकल्या नाहीस. पाण्याच्या पेल्यात उभ्या करून ठेवायचीस आणि चहा पिऊन जी कुणी उठेल तिच्या हातात दोन काड्या द्यायचीस. कुणाचं पोट दुखत असो, कुणी नुसती गप्पा मारायला आलेली असो, चहा झाला की काडी. मला त्याची लाज वाटायची. आडत दुकानवाल्याची बायको, आणि देते काय, तर काडी!

मी पहिल्यांदा तो चहा केला तेव्हा सातवीत होते. तुला ताप भरला होता. मी मोठ्या हौसेनं पाण्यात पुदिना, चहापत्ती, गूळ सगळं एकदम टाकलं आणि काळंभोर होईपर्यंत उकळलं. तशीच धावत तुझ्याकडे आले. तू अजून अंथरुणात होतीस, लिंगपूजा व्हायची होती, आणि पूजेआधी तू पाण्याचा थेंबही घेत नाहीस हे मला, त्याच घरातल्या पोरीला, आठवलं नाही. तू उठलीस, कुडकुडत अंघोळ केलीस, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन बसलीस. मी दाराशी उभी आहे, पेला गार होतोय, आणि तुझी पूजा नेहमीइतकीच हळू चाललीय. मग तू तो गार, कडू चहा शेवटपर्यंत प्यालीस, पेला खाली ठेवलास आणि म्हणालीस, "येवढं उकळतेत का गं? जाळलीस की त्याला. उद्या बरं वाटलं की दावते तुला." दुसऱ्या दिवशी दाखवलंस. मी शिकले आणि विसरलेही.

मग आयुष्यभर दुधाचा चहा. लातूरला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचं म्हणजे दिवसाला सहा कप सहज होतात. यंदा डॉक्टरांनी तो बंद केला तेव्हा तुझा चहा आठवला. तू दिलेली काडी माझ्या गॅलरीतल्या कुंडीत बरीच वर्षं होती, पण मागच्या उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं आणि मी लेकीकडे राहायला गेले होते. परत आले तर कुंडीत वाळकं गवत. बाजारातली जुडी आणली. मोबाईलवर एक बाई काचेच्या बरणीत मध, लिंबू, काकडी घालून पुदिन्याचा चहा दाखवत होती, तोही केला. दात घासून झाल्यावर उरलेलं पाणी प्यायल्यासारखं वाटलं. मग उदगीरला फोन केला, मागचा पुदिना पाठव म्हणून. तुझा लाडका लेक आधी इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग म्हणाला, "अक्का, मागं पेव्हर ब्लॉक बसवले की. गेल्या वर्षीच."

त्याला मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. अव्वाचं होतं नव्हतं तेवढं एक तू दगडाखाली घातलंस, इथपर्यंत बोलले. पण शेवटी शोधायला मदत त्यानंच केली. तू कुणाकुणाला काड्या दिल्यास त्याची आम्ही दोघांनी फोनवर उजळणी केली. एकीचा शेळीनं खाल्ला. एकीचं घर रस्त्यात गेलं. धर्माबादला दिलेल्या मावशी वारल्या आणि सुनेला पुदिना म्हणजे काय तो भाजीवाल्याकडे मिळतो तेवढाच माहीत. मी रोज फोन ठेवायचे आणि रडायचे. लाज कसली, तुलाच सांगतेय.

मग तो म्हणाला, "रेल्वेवाल्या काकू?" आपल्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायच्या त्या. काका रुळांच्या कामावर होते, बदली होऊन नांदेडला गेले. मी तेव्हा शिकायला लातुरात होते, त्यांना सुट्टीत पाहिलेलं तेवढंच. त्यांचा नंबर त्याच्याकडे होता. दोन दिवसांनी मी सकाळची एसटी धरून नांदेडला गेले.

काकूंनी दार उघडलं, डोळे बारीक केले. "अव्वाची पोरगी न्हवं तू? लई दिसानं आलीस गं." मी बसलेही नाही. काकू, आमच्या अव्वानं तुम्हाला पुदिना दिला होता का, असं एकदम विचारलं. त्यांना माझीच काळजी वाटली असावी. "दिला व्हता म्हंजे? हाय की. ये." मागच्या दारी, न्हाणीच्या पाण्यावर, अर्ध्या कापलेल्या पिंपात तो होता. बारीक पान, काळपट देठ. मी पान चोळलं आणि नाकाशी नेलं. तोच वास. "चार घरं बदलली म्या," काकू सांगत होत्या, "दर येळी सामानात आधी काडी. एक बार ताटं मागं राहिली, पर हिला इसरले न्हाई."

अव्वा, मी सत्तावीस वर्षं पोरांना शाकीय प्रजनन शिकवतेय. बटाट्याचा डोळा, पानफुटीचं पान, फळ्यावर आकृती, मार्क चार. काडीतून उगवलेलं रोप म्हणजे मूळ झाडाचाच तुकडा, त्यात नवं काही मिसळलेलं नसतं, हे वाक्य मी किती वेळा लिहून दिलं असेल. आणि ते मला कळलं नांदेडच्या एका न्हाणीमागं. पिंपातला पुदिना तुझ्या पुदिन्याचं लेकरू नव्हतं, तोच होता. तुझी बोटं ज्याला लागली, तुझ्या आईनं निलंग्याहून जो आणला, तोच एक जीव, कधीच न मेलेला, हातातून हातात चालत आलेला. अंगावर काटा येतो म्हणतात तो खरंच येतो. मी त्या पानांना परत हात लावायला धजेना.

काकूंनी चहा ठेवला. उकळी आली, पातेलं खाली उतरवलं, पानं फाडून टाकली, ताट झाकलं आणि त्या उठून पुढच्या दाराचा उंबरठा पुसायला गेल्या. मी बघतच राहिले. परत आल्यावर म्हणाल्या, "तुझ्या अव्वानंच सांगितलं व्हतं, झाकलं की बघत बसायचं न्हाई, मुरत न्हाई मग." मग माझ्या हातात खडा ठेवून त्या जे बोलल्या ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. "आमी नवीन आलो तव्हा त्या गल्लीत कुनी आमच्या हातचं पानी घेत नव्हतं. जयभीमवाले म्हून. तुमच्या घरातली मोठी मान्सं बी न्हाई. एक दिस सकाळी तुझी अव्वा मागच्या दारानं आली. पूजा करून आली व्हती, कपाळाला इभूत तशीच. पुदिना हातात दिला आन म्हनली, तू कर च्या, म्या सांगते. म्या केला. आन ती माज्या चुलीपाशी बसून पेली. बाहेरून दिसावं म्हून दार उघडं ठेवलं व्हतं तिनं." पेला माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "मंग दुसऱ्या दिशीबी आली."

काडीची लाज वाटणारी मी. तुला मी साधी समजत होते, अव्वा. प्रेमळ, थोडी भोळी, असंच सगळ्यांना सांगत आले. तू केवढी होतीस, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी परक्या घरात कळलं. अप्पांना हे माहीत होतं का? तुला कुणी काही बोललं का? विचारायला तू नाहीस, आणि काकू म्हणतात, ती त्याबद्दल कधी बोललीच नाही.

निघताना काकूंनी दिलेल्या सहाच्या सहा काड्यांना मुळ्या फुटल्या. पाच दिल्या, एक माझ्याकडे ठेवली. हे पत्र वहीतच राहील, याला कुठला पत्ता घालणार? तुझ्या लेकाला काडी पाठवली तेव्हा त्यानं बायकोला सांगून एका कोपऱ्यातले चार ब्लॉक उखडून घेतले आणि फोटो पाठवला. मी त्याला इतकं बोलले, सगळ्या नातेवाइकांत त्याचं नाव खराब केलं, तरी तो एका शब्दानं उलटून बोलला नाही. अव्वा, ब्लॉक बसवण्याआधी त्यानं मला फोन केला होता. मागं अव्वाचा पुदिना आहे, काय करू, असं विचारलं होतं. मी पेपर तपासत होते. म्हणाले, काढून टाक, नुसता चिखल होतो तिथं.