बंद पडलेली बेल

नांदेड, रविवार संध्याकाळ

आज दाराची बेल स्वतः दुरुस्त केली. सकाळी गॅसवाल्यानं दार बडवलं, तेव्हा कळलं की ती बंद आहे. कधीपासून, देव जाणे. मेन स्विच बंद करून पेचकसनं बाहेरचं बटण उघडलं. एक वायर स्क्रूतून सुटली होती, ती घट्ट बसवली. एवढंच काम.

पण मागं स्वयंपाकघरात ऐकू येते का, हे कसं बघणार? बटण दाबायला एक माणूस लागतो, ऐकायला दुसरा. सुमन असती तर आतून ओरडली असती, "वाजली हो!" तिला जाऊन वर्ष होत आलं, आणि आज माझं अडलं ते बेलच्या बटणापाशी.

शेवटी शेजारच्या कमलताईंना हाक मारली. त्यांनी बटण दाबलं, मी ओट्यापाशी उभा. वाजली! दार उघडलं तर त्या म्हणाल्या, "भाऊ, मी मधी दोनदा येऊन गेले की. बेल दाबली, कुणी उघडलंच न्हाई. वाटलं, लातूरला लेकीकडं गेलात."

मी घरातच होतो. इथंच, खुर्चीत. कुणी येत नाही म्हणून मनातल्या मनात सगळ्यांवर रुसून बसलो होतो.