ओताऱ्याचा पंप आणि नवा दांडा

तुमच्या त्या पितळी पंपानं घराचा जीव टांगणीला लावलाय, मामंजी, आणि तुमी मात्र कधीचेच सुटलात. हे आधी सांगते. पाया पडणं मागनं. मेलेल्या माणसाला खुशाली काय विचारायची, आणि आमची विचाराल तर ती उद्या सकाळवर अडलीय.

तुमची मोटार अजून चालते. बीडहून मोमिनाबादला माल नेते, मालावर माणसं बसतात. पण इंजनाच्या पोटातला दांडा पार झिजला. मिस्त्री त्याला कॅमशाफ्ट म्हणतो. त्याच्यावर अंड्यासारखे फुगवटे असतात, ते फिरतात तशी झडपांची उघडझाप होते आणि इंजन श्वास घेतं. फुगवटे घासून सपाट झाले, भरली मोटार मांजरसुंब्याच्या घाटात धापा टाकायला लागली. म्हणून तुमच्या लेकानं हैदराबादेहून नवा दांडा आणवला, जुन्यापेक्षा उंच फुगवट्यांचा. म्हाताऱ्या बैलाच्या जागी खोंड जुंपल्यावानी ओढंल, असं गावभर सांगत फिरला.

मिस्त्रीही तिकडूनच आला. मी चहा घेऊन गेलते, तर त्यानं इंजनाच्या तळाचं तेल बोटावर घेतलं आणि उन्हात धरून मला दाखवलं. तेलात चांदीसारखी चकाकी. "देखो अम्मा," तो म्हणाला, "पुराना शाफ्ट घिस के सब इसमें उतरा. पंप यहीच तेल पीता, यहीच पिलाता. इसको बी बदलना पडता, नै तो नया शाफ्ट बी खा जाएगा." इंजनभर तेल फिरवणाऱ्या त्या पंपातली दोन दातेरी चाकं त्यानं माझ्यासमोर धरली. दातांवर ओरखडे, नख अडकावं असे. नवा पंप त्यानं संगं आणलाच होता.

तुमचा लेक कडाडला, "ह्यो पंप आबांनी उभं राहून ओताऱ्याकडून ओतून घेतलाय. त्याला हात लावायचा न्हाई."

मी विचारलं, "कावून? पंप हाय का देव हाय वो त्यो?"

"तू चूल बघ."

देवच केलाय आम्ही. खांडेनवमीला नांगर, कुऱ्हाड, पावशी पुजतो, तसं इंजनाच्या त्या बाजूला हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो. तुमी गेल्यापासून तुमचा लेक तिथं डोकं टेकवतो. तुमचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात हाय, पण त्याला दोन फुलं टाकायचीही मलाच आठवण करावी लागते. त्याचा बाप त्या पितळेत बसलाय. मिस्त्री तरी किती तोंड वाजवणार? त्यानं जुना पंप राकेलनं धुतला, तोच बसवला, नवा पोत्यात गुंडाळून ओसरीवर ठेवला आणि हात झटकले. "मैं बोल दिया. मेरे सर पे नै."

मला तुमची ती भाकर आठवते. मी नवी नवरी. पाथरवटानं जात्याला टाकी लावून दिलीय, आणि सासूबाई म्हणतात, पीठ वाया घालवू नको. मी दळते, थापते, वाढते. तुमी पहिला घास चावता आणि कर्रर होतं. ताट सरकवलंत. "टाकी लावल्यावर पहिलं दळण बैलाला असतं, माणसाला न्हाई. जातं खडा गिळत न्हाई पोरी, परत देतं." सासूबाई चुलीकडं तोंड करून बसल्या, बोलणी मी खाल्ली. लई लागलं होतं. पण शब्द खरा होता. मग तसल्या माणसाच्या नावानं हे काय चाललंय? दगडाचं कळतं, पितळेचं कावून कळत न्हाई?

पहिल्या दिवशी इंजन असं मऊ चाललं की शेजारीपाजारी बघायला आले. तुमच्या लेकानं माझ्याकडं बघून मिशीवर हात फिरवला. आज आवाज बदललाय. खालून बारीक खुळखुळ येते, वाळल्या शेंगेत दाणे वाजावेत तशी. मोटार आता माझा नातू हाकतो. तो म्हणतो, "आजी, नवं हाय, रुळंल." उद्या तो मोटारीत मिरच्यांची पोती भरणार आणि पुढं आपल्या शेजारी बायकोला बसवणार. पोरीला सातवा सरलाय, पहिल्या बाळंतपणाला माहेरी मोमिनाबादला चाललीय. घाटात तेल न पोचून इंजन जाम झालं तर भरली मोटार मागं येते. मागं काय हाय ते तुमाला ठाऊक. त्या वळणावर तुमी बैलगाडीतूनसुद्धा आमा बायकांना उतरवून पायी चालवायचात, पोटुशी असो का लेकुरवाळी.

दुपारी मी परत विषय काढला. तुमचा लेक म्हणाला, "आबा राखतील." तुमी राखणार! जितेपणी तुमाला तुमचं पागोटं सापडत नव्हतं, घरभर आमी शोधायचो आणि ते तुमच्याच मांडीखाली निघायचं.

हे पत्र टाकायचं कुठं? टपालवाला हसंल. लिहायला तुमीच शिकवलं, म्हणून लिहिलं, एवढंच. घडी करून उतरंडीतल्या मडक्यात ठेवीन.

आणि एक. मोटारीच्या तोंडात खुपसून ते लोखंडी हँडल फिरवल्याबिगर इंजन उठत न्हाई. ते मी दिवेलागणीच्या आधी जोंधळ्याच्या कणगीत घातलंय, कोपरापर्यंत हात घालून. मिस्त्री अजून गावच्या सराईत उतरलेला हाय, पोत्यातला पंप ओसरीवर हाय. तो बसल्याबिगर हँडल निघायचं न्हाई. सकाळी तुमचा लेक घर डोक्यावर घेईल, हँडल कुठं म्हणून मला विचारील. मी तोंड उघडणार न्हाई. पंप तुमचा, लेक तुमचा. त्याला जबाब तुमीच द्या.