उंबरा काढलेले घर

मी, गिरिजाबाई कारभारी पडूळ, वय एकोणऐंशी, धंदा शिवणकाम, राहणार जुना जालना, पूर्ण शुद्धीत, कोणी न शिकवता आणि कोणाच्या धाकात नसताना हे मृत्युपत्र करून ठेवते. डोळ्यांना कमी दिसते. डोके बराबर चालते.

१. केदारखेड्याच्या शेतातला माझा हिस्सा मुलगा हरिओम याला द्यावा. त्याने माझी काळजी केली नाही, असे कोणी म्हणू नये. माझे खुब्याचे हाड मोडले तेव्हा तो म्हणाला, "आई, पुण्याला चल. बाई ठेवू. तुला पलंगावरून उतरायचंही काम पडणार नाही."
मला उतरायचेच होते.

२. राहते घर मी शिलाईच्या कमाईतून घेतले आहे. ते शेजारीण रहिमाबी सिराजोद्दीन शेख हिला द्यावे. ती पूर्वी दवाखान्यात आया होती. माझ्या दुखण्यात ती रोज पलंगापाशी हात पुढे करून उभी राहायची.
"उचल की गं मला!"
"उचलणार न्हाई, आक्का. तुम्ही उठा. मी कुठं पळून चालले?"
मी तिला नाही नाही ते बोलले. ती हसत उभीच. एक दिवस मी उठले. ते पाहून गल्लीतली म्हातारी माणसेही सकाळी इथे येऊ लागली. ती त्यांना गरम जेवू घालते, गोळ्या देते, चालवते. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी जातात. अट एकच: ही माणसे येत आहेत तोवर घर विकू नये. माझ्यामागे हे चालू ठेवशील का, असे हरिओमला फोनवर विचारले तर "बघू" म्हणाला. त्याचे "बघू" मी लहानपणापासून ओळखते, म्हणून हे लिहून ठेवले.

३. शिलाई मशीन रहिमाबीची नात इरम हिला. दोरा अडकला की तिने रागाने चाक ओढू नये.

४. माझे दीर कडूबा गावभर म्हणाले होते, "वहिनीनं म्हाताऱ्यांचा कोंडवाडा केलाय." आता सगळ्यांच्या आधी तेच येतात आणि भाजीत मीठ कमी म्हणतात. तो राग मी इथेच सोडते.

५. दाराच्या उंबऱ्यात सगळ्यांचे पाय अडायचे. रहिमाबी तो काढा म्हणायची. मी म्हणायचे, हळदीकुंकवाचा उंबरा आहे, त्यावरून लक्ष्मी येते.
"लक्ष्मीचंबी वय झालं असंल की, आक्का. तिलाबी सपाट बरं."
मागच्या महिन्यात मी मिस्त्री बोलावला. उंबऱ्याचे लाकूड अंगणात बसायला ठेवले आहे. ते माझ्या सरणात घालू नये.

६. शेवटच्या दिवशी मला उठता येणार नाही. तेवढ्यापुरता रहिमाबीने आपला नियम मोडावा आणि मला उचलावे. पहिला हात तिचा लागेल. कोणी आडवे येऊ नये.

वरील मजकूर वाचून घेऊन, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

गिरिजाबाई कारभारी पडूळ

साक्षीदार:
१. राजानंद खरात, शेजारी
२. कडूबा पडूळ, दीर (वॉकर घेऊन, कोणाचा हात न धरता आत आले)

जालना, दिनांक १४ फेब्रुवारी २०२५