चादरीचं दुसरं टोक

गुरुवार, दुपार

वन्सं,

त्या सकाळी तुम्ही आलात तेव्हा मी अंथरुणातच होते. हे जाऊन महिना झाला होता, लॉन्ड्री बंद होती. तुम्ही मागच्या दाराने शिरलात, पाणी तापत ठेवलंत, न विचारता घरातल्या सगळ्या चादरी धुतल्यात आणि एका ओल्या चादरीचं टोक माझ्या हातात कोंबलंत.

“ओढ.”

“मला नाही ओढायचं.”

“मग मी पडते, तू धू. नीट धर गं! हात आहेत की कापूस? माझ्या भावाने शिकवलं तरी काय तुला?”

मी चिडून ओढलं. शेवटची चादर दोरीवर जाईपर्यंत आपण भांडत होतो. त्या संध्याकाळी मला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

बाकी इकडे ठीक. इस्त्रीची वायर बदलून घेतली. शेजारची शिंपीणबाई तुमची चौकशी करते. नणंद भावजयीला छळते, असं तुमच्या डोक्यात तिनेच भरवलं, म्हणून मी धड उत्तर देत नाही.

परवा तुमचं पत्र आलं. ‘मी तुला फार छळलं. आता येणार नाही, भांडणार नाही. सुखात राहा.’

वन्सं, मला तसलं सुख नको.

सध्या शब्दकोश मांडीवर घेऊन एक इंग्रजी कादंबरी वाचतेय. त्यात ‘कंटेंड’ या शब्दाशी अडले. अर्थ दिलाय झगडणं, टक्कर देणं. खाली मूळ दिलंय, लॅटिन भाषेतलं: जोर लावून ताणणं, दोघांनी मिळून ताणणं. तुम्ही म्हणाल, पंडितीण, एवढं सांगायला पत्र लिहिलंस? हो, एवढंच सांगायला.

ओली चादर दोघींनी आपापल्या बाजूला ओढली की सुरकुत्या जातात, कडा जुळतात. तुम्ही गावी परत गेल्यापासून मी एक टोक खिडकीच्या गजाला बांधते. गज धरून ठेवतो, ओढत नाही. चादर तिरकीच राहते.

भाऊ तुमचाही गेला होता. माझ्यासमोर तुम्ही एकदाही रडला नाहीत, रोज नवं भांडण मात्र घेऊन आलात. साबणावरून, दोरीवरून, माझ्या न विंचरलेल्या केसांवरून. त्या ओढीने मी उभी राहिले. आभार मानत नाही, तुम्ही त्यावरूनही भांडाल. पण या घरात आता फार शांत असतं.

स्टेशनसमोरच्या लॉजचा मॅनेजर दोनदा येऊन गेला. मोठ्या पलंगांच्या चादरी कायमच्या आपल्याकडे द्यायच्या म्हणतो. त्या एकटीला आवरत नाहीत, म्हणून दोन्ही वेळा नाही म्हणाले होते.

तुमचं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लॉजवर गेले आणि त्याला हो सांगितलं.

एका टोकाशी उभी,
तुमची पंडितीण