नावेच्या कडेवरचे तीन ठोके

रवि. ३ फेब्रुवारी १९४६, सांगली

परत फजिती. सलग चौथा रविवार. शेजारच्या वकिलांचे साताऱ्याचे पाहुणे, त्यांत एक निवृत्त सुभेदार, सगळे सकाळी सातला धोंडीबा नावाड्याच्या नावेत. कृष्णेतली मगर दाखवतो, असं मीच छाती पुढे काढून सांगितलेलं. दोन तासांत दिसलं काय? पाणकावळे सतरा, खंड्या एक, बाकी म्हशी. सुभेदार म्हणाले, "मास्तर, म्हशी आमच्याकडंबी हायत." सगळे हसले. मीही हसलो, पण आतून नुसता जळत होतो.

मगर आहे. पलीकडच्या वाळवंटावर ती कधी येते, कधी जाते, याची तीन वर्षं मी वहीत हजेरी मांडतोय. पण भरलेली नाव दिसली की बाई पाण्यात सरकते.

उतरताना धोंडीबा म्हणाला, "तिला खायाला घाला मास्तर. मग येती का न्हाई बघा."

रवि. १० फेब्रु.

धोंडीबानं खाटकाकडून वजडी आणली. मी नावेच्या दुसऱ्या टोकाला, तोंड फिरवून, नाकाला उपरणं. आमच्या जैनाच्या घरात बटाटासुद्धा शिजत नाही, आणि मी हे असल्या नावेत.

एक युक्ती मात्र माझी. कॉलेजात वाचलेलं, कुत्र्याला रोज घंटा वाजवून खायला दिलं की पुढे नुसत्या घंटेला तोंडाला पाणी सुटतं. आम्ही घंटेऐवजी वल्हं घेतलं. नावेच्या कडेवर तीन ठोके, की लगेच मांस पाण्यात. ठोकायचं काम माझं, टाकायचं धोंडीबाचं. मांसाला मी बोट लावलेलं नाही. लावणारही नाही.

मगर आली नाही. मांस मात्र बुडालं ते कुणीतरी नेलं.

घरी आल्यावर आंघोळ केली. आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं विचारलं, इतक्या उन्हाचं डोक्यावरनं पाणी का? काहीतरी सांगितलं.

रवि. २४ फेब्रु.

आली!

मधले दोन आठवडे शाळेआधी रोज गेलो होतो, त्याचं फळ. आज नावेत आमचे हेडमास्तर, त्यांचं कुटुंब, ड्रॉइंगचे कुलकर्णी. तीन ठोके दिले. दहा आकडे मोजेपर्यंत पाण्यावर दोन गाठी, म्हणजे तिचे डोळे, मग नाक, मग पाठीची सगळी करवत. दोन माणसं लांब सहज. नावेपासून चार हातांवर थांबली आणि आमच्याकडे बघत राहिली.  हेडमास्तरांच्या बाईंनी कुलकर्ण्यांचा दंड धरलेला, नवऱ्याचा समजून. धोंडीबानं टाकलं, तिनं जबडा मिटला, तो आवाज अजून कानात आहे.

हेडमास्तर घाटावर उतरताना म्हणाले, "तुम्ही तर तिला वर्गातल्यासारखी हजर केलीत." फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, इतका आनंद मॅट्रिकच्या निकालालाही झाला नव्हता.

रवि. १० मार्च

वकिलांचे पाहुणे पुन्हा आले, सुभेदारांसकट. आता मांस नसलं तरी येते. पाणमांजरांची जोडीही दिसली, पण तिकडे कोण बघतंय.

 सुभेदार म्हणाले, "मास्तर, जनावर माणसाला भ्यालेलं बरं असतंय." मी म्हटलं, भीती गेली म्हणून तर बघायला मिळतं. 

परतताना धोंडीबा सारखा मागे वळून बघत होता. "मागनं येतीया. आज घाटापतोर येतीया." मला दिसली नाही. त्याला म्हटलं, तुला आता स्वप्नातही मगरच दिसेल. 

बुध. १३ मार्च



सौ. माहेरी आहे म्हणून सकाळी आक्काबरोबर पाणी आणायला घाटावर गेलो. एरवी धुण्याच्या वेळेला मी नावेत लांब असतो, नाहीतर शाळेत. पंधरावीस बायका धुणं धूत होत्या. आक्का आपल्या दगडावर बसली, धोपाटणं उचललं. तीन दणके. कापड उलटलं. तीन दणके. तिच्या शेजारणीचंही तसंच. सगळ्या घाटाचं तसंच. तीन, उलट, तीन.

 पाण्याकडे बघितलं. पन्नास पावलांवर, प्रवाहात न हलणाऱ्या दोन गाठी. कुणाचं लक्ष नव्हतं. मी ओरडलो. बायका दचकून बाजूला झाल्या, गाठी बुडाल्या, मग बायका मला हसल्या.

गुरु. १४ मार्च

आक्काला म्हटलं, काही दिवस नदीवर जाऊ नकोस, विहिरीवर जा. ती विधवा होऊन आमच्याकडे आली त्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षांत नदी चुकलेली नाही. प्यायचं पाणी नदीचं, ते गाळायचं, आणि गाळण्यात राहिलेले बारीक जीव, जिवाणी म्हणतो आम्ही, ते ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे. तांब्या अलगद बुडवून, एकही मरू नये म्हणून.

"आन् जिवाणी कुठं सोडू? विहिरीत? मरतील की ती."
"आक्का, मगर आहे घाटाजवळ."
"ती हाय की पहिल्यापासनं. कुणाला काय केलंय तिनं?"

नाही केलं. फेब्रुवारीपर्यंत नाही केलं. एवढंच सांगायचं होतं, पण जीभ रेटली नाही.

रवि. १७ मार्च

पाहुण्यांना नाही म्हणून कळवलं. ताप आहे असं सांगितलं.

मी आणि धोंडीबा दोघंच गेलो. बेत असा की ठोकायचं आणि काही द्यायचं नाही, म्हणजे हळूहळू विसरेल. तीन ठोके. आली. थांबली. पुन्हा ठोकले, काही दिलं नाही. तिनं शेपटाचा तडाखा असा दिला की नाव आडवी व्हायची राहिली. मग वळली आणि सरळ घाटाच्या दिशेनं गेली, जिथून तेच ठोके येत होते.

"आता हितं मिळंना, म्हनून तिकडं चाललीया," धोंडीबा म्हणाला. कुत्र्याचा तो प्रयोग पुस्तकात होता. तिथं कुत्रा बांधलेला होता, हे माझ्या शहाण्याच्या ध्यानात कसं आलं नाही?

शुक्र. २२ मार्च

झालं.

परटीण काशी. धुण्याचं गाठोडं तोंडात धरून ओढलं, गाठोड्याबरोबर तिचा हात. कोपरापासून मनगटापर्यंत सोललाय. बायकांनी पदराला धरून मागे खेचली म्हणून वाचली. आक्का तिच्या शेजारच्या दगडावर होती. घरी आली तेव्हा लुगड्यावर काशीचं रक्त. तशीच बसून राहिली.

मी घाटावर गेलो, गर्दीत उभा राहिलो. "मगर पिसाळली," सगळे म्हणत होते. मीही मान हलवली. मान हलवली मी. हे लिहून ठेवतो.

रवि. २४ मार्च

देवळात मंडळी जमली. मगर मारायची असं ठरलं. कुणीतरी म्हणालं, मास्तर तिला हाक मारून बोलावतात, सगळ्या गावाला ठाऊक आहे. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कौतुकानं. त्या साताऱ्याच्या सुभेदारांची बंदूक आहे, त्यांना आणायलाही मीच जायचं.

"मास्तर, तुमी फकस्त बोलवायचं," वकिलांचा कारभारी म्हणाला. "बाकी सुभेदार बघतील."

बुध. २७ मार्च, सातारा

सुभेदारांच्या ओट्यावर बसून लिहितोय. ते नाही म्हणतील अशी आशा धरून आलो होतो. त्यांनी काशीचं सगळं ऐकलं आणि मिशीवरनं हात फिरवला.

"हाकेला येनारं जनावर मारायचं म्हंजे शिकार न्हवं मास्तर. पर बायामानसांचा प्रश्न हाय. येतो."

ठोक्यांना ती कशी सोकावली आणि घाटावर का गेली, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. असं वाटतं तरी.

रवि. ३१ मार्च, सांगली

सुभेदार घाटावर पोत्यांमागे पालथे. मी आणि धोंडीबा नावेत. धोंडीबाला म्हटलं, तू ठोक. त्यानं वल्हं माझ्या पायाशी ठेवलं.

"मी न्हाई ठोकनार. तिनं माज्या हातचं खाल्लंय."

मी ठोकले. मनात आलं, येऊ नकोस. आली. कुठल्याही रविवारी यायची तशी, सरळ माझ्याकडे तोंड करून. दोन बार झाले. पाणी उसळलं, लाल झालं, एकदा पोट दिसलं, मग काही नाही.

"डोस्क्यात बसली," सुभेदार म्हणाले. "तिसऱ्या दिशी फुगून वर येईल." लोकांनी त्यांना हार घातला. एक मलाही घातला. काढायला कुणी देईना. शेवटी वळणावर आल्यावर काढला आणि कुठे टाकावा कळेना.

बुध. ३ एप्रिल

वर आली नाही. सुभेदार सोमवारीच साताऱ्याला परतले. धोंडीबा दोन्ही काठ खालपर्यंत बघून आला. घारी नाहीत, वास नाही.

"गाळात रुतली आसंल," घाटावर सगळे म्हणतात. बायका पुन्हा धुवायला लागल्या आहेत. घरात बसूनही मला ते दणके ऐकू येतात. ऐकू येत नाहीत तेव्हा जास्त भीती वाटते.

मेली की नाही हे कळायचा एकच मार्ग आहे आणि तो माझ्याकडेच आहे. आज दोनदा घाटापर्यंत जाऊन आलो. नावेत चढलो नाही. आली तर काय करू?

शुक्र. ५ एप्रिल

दुपारी आक्का तांदूळ निवडत होती, तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. पहिल्यापासून, सगळं. ती निवडतच होती.

"मांस कुनी टाकलं?"
"धोंडीबानं."
"आन् गोळी?"
"सुभेदारांनी."
"मग तू काय केलंस?"
"मी ठोकलं."
"दोन्ही येळंला?"
"दोन्ही वेळेला."

सूप खाली ठेवलं तिनं. मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं. "बाळगोंडा," म्हणाली. एरवी मी बाळू आहे. "ती मेलीया का न्हाई, हे तरी ठावं हाय का तुला?"

नाही म्हटलं.

उठली, पायांत चपला सरकवल्या आणि काशीच्या घराकडे गेली. सूर्य मावळल्यावर आम्ही जेवत नाही; त्याच्या आत ती परत आली नाही, म्हणजे उपाशी राहिली. मीही जेवलो नाही. 

शनि. ६ एप्रिल

सकाळी जाग आली तर बादली, धुणं, तांब्या जागेवर नाहीत. आक्का नाही. अनवाणी पळालो.

वळणावरूनच काहीतरी वेगळं वाटलं, काय ते कळेना. रोज तिथपर्यंत दणके ऐकू येतात. आज घाट मुका. पळत खाली गेलो.

सगळ्या होत्या. पंधरावीस बायका आपापल्या दगडांवर, कपडे हातांनी चोळत होत्या. हळू, पाण्याचाही आवाज होऊ नये अशा बेतानं. धोपाटणी वरच्या पायरीवर रचून ठेवलेली. लेकुरवाळ्यांनी पोरं तिथंच बसवलेली, त्यांनाही गप्प केलेलं. आक्का सगळ्यांत खालच्या पायरीवर, घोट्याइतक्या पाण्यात.

म्हणजे तिनं सांगितलं होतं. सगळ्यांना, सगळं.

एकेक मान वर झाली, माझ्याकडे बघून परत खाली गेली. शिव्या दिल्या असत्या तर घेतल्या असत्या. आक्कानं बघितलंच नाही. काशी हाताला फडकं बांधून बसलेली, एका हातानं परकर चोळत होती. तिनं हळूच विचारलं, घाटावर कुणी निजलंय अशा आवाजात,

"मास्तर, आसं किती दिस धुवायचं आमी?"

मी पाण्याकडे बघितलं. गढूळ, संथ, कुठे काही नाही.