डाव्या हाताचं कोणी विचारलंच नाही

प्रिय छोटे,

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर गोड मानून घे. तोंडावर सांगितलं असतं, पण मग तू रडतेस, आणि तू रडलीस की माझं भाषण संपतं.

तू ज्यांच्या हाताखाली मेंदूचा अभ्यास करतेस, त्या तुझ्या दिवेवाल्या सरांचं आमंत्रण पोचलं. पुढच्या महिन्यातल्या परिषदेत माझ्या मेंदूचं चित्र भिंतीएवढं दाखवणार, तू ते समजावून सांगणार आणि शेवटी मी खुर्चीतून उजवा हात वर करायचा. आधी मेंदू, मग मालकीण! सर मोठे गृहस्थ. मेंदूत कुठे रंग उमटला की ‘दिवा लागला, दिवा लागला’ म्हणत टाळ्या पिटतात. माझ्याच शरीराने माझ्या नसांवरचं आवरण कुरतडलंय, या मल्टिपल स्क्लेरोसिसने उजवा हात पार लाकूड करून टाकलाय, हे त्यांना तोंडपाठ आहे. पण गेल्या एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूलाही रंग दिसला. उजवा हात चालवायचा मेंदूच्या डाव्या बाजूने; म्हणजे दुसरी बाजू मदतीला धावली, मेंदूने नवी वाट काढली! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आता त्या खोलीत काय झालं ते ऐक. तू काचेपलीकडे पडद्याकडे बघत होतीस; माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. खोली गारठलेली, म्हणून मशीनवाल्याने मला गळ्यापर्यंत पांघरूण घातलं. डोकं हलू नये म्हणून पिंजऱ्यात. उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला टेकवा, म्हणाला. मी जीव खाऊन टेकवू लागले, तर डाव्या हाताची बोटंही आपोआप नाचायला लागली. ही तर माझी रोजची गंमत आहे. उजव्या हाताने बटण लावायला जावं, तर डावा हवेत बटणं लावतो. मी ओरडले, अहो, डावा पण हलतोय! कानातल्या भोंग्यातून उत्तर आलं, मावशी, बोलू नका, डोकं हलतं, चित्र बिघडतं. आयुष्यभर भल्याभल्यांना माझा माईक बंद करता आला नाही; या गृहस्थाने तो एका वाक्यात केला.

बाहेर आल्यावर सरांनाही सांगितलं. ते हसले. ताई, तुम्ही फार विचार करू नका, तो आमच्यावर सोडा. सोडला, त्याचं काय झालं ते तू भिंतीवर लावणारच आहेस. अगं, डावा हात हलला की मेंदूच्या उजव्या बाजूला रंग उमटणारच, त्यात नवी वाट कुठली? मेंदूच्या घड्यांत शिरणाऱ्या या पंडितांना साधं पांघरूण उचलून बघता आलं नाही! उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या तरी दिसत असतात.

मला चीड येते ती त्यांच्या चुकीबद्दल नाही, त्या टाळ्यांबद्दल. त्या सभागृहात माझ्यासारखी माणसं बसलेली असतील. ती हे रंग बघतील, घरी जाऊन आपल्या निपचित हाताकडे बघतील आणि म्हणतील, दुसऱ्यांचे मेंदू वाटा काढतात, माझाच मेला आळशी. आणि तू तरी काय वेगळं करतेस? चित्र आल्यापासून रविवारी घरी आलीस की भरलेला कप माझ्या उजव्या हातात देतेस, आणि सांडला की म्हणतेस, आई, मनावर घे ना जरा. मनावर घे! नसांवरचं आवरण मनावर घेऊन उगवत असतं तर मी एव्हाना झाडावर चढले असते.

तेव्हा परिषदेत हात वर करायला मी येणार नाही. पण त्या मशीनमध्ये पुन्हा जाईन, परिषदेच्या आधी. पांघरूण नको. या खेपेला तू आत माझ्याशेजारी उभी राहा आणि माझ्या डाव्या हातावर तुझा हात ठेव. एक बोट हललं तरी तुला कळेल. तो हात गप्प राहिला आणि तरीही तो रंग उमटला, तर त्यांच्याच व्यासपीठावर सरांची माफी मागेन, घसा फोडून. इतकं तोंड सोडलंय म्हणून मला त्या चित्राचा तिटकारा आहे असं समजू नकोस. ते खरं असावं असं मला तुझ्याहून जास्त वाटतं, छोटे. म्हणूनच खोटं असेल तर टाळ्या वाजायच्या आधी मला कळू दे, आणि ते तुझ्या तोंडून.

तुझीच, भांडकुदळ
आई